राखणदाराची रजा

मी चारठाण्याच्या शाळेत शिकवायचो, तेव्हा आमच्या शेजारी एक मेंढपाळ राहायचा. सरपंचालाही तो अरेतुरे करी. काही विचारलं की खांद्यावरचं घोंगडं सारखं करायचा आणि एवढंच म्हणायचा, "बघू की."

एकदा त्याच्या कुत्र्याच्या पायावरून जीप गेली. परभणीला जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. महिनाभर कुत्र्याला उठू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण सकाळी मेंढपाळाची बायको मेंढरं घेऊन रानात निघाली की कुत्रं प्लास्टरचा पाय ओढत उठायचं आणि केकाटायचं. मेंढपाळाने त्याला हळदीचं दूध पाजून पाहिलं, मांडीवर घेऊन पाहिलं.

मी म्हणालो, "बांधून टाका त्याला."

घोंगडं सारखं झालं. "बघू की."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कळप गेलेला, आणि एक म्हातारी मेंढी कुत्र्यासमोर खुंट्याला बांधलेली. तिच्यावर डोळा ठेवून कुत्रं गुमान पडलेलं.

"त्याला वाटायलंय, ड्युटीवर हाय," तो हळूच म्हणाला. "रिकामं बसवत न्हाई त्याला."

महिनाभर आयता पाला खाऊन मेंढी मात्र माजली. प्लास्टर निघाल्यावर तिला सोडलं, तर जागची हलेना. कुत्रं उठलं, लंगडत तिच्या मागे गेलं आणि एकदाच भुंकलं. मेंढी धावत कळपात शिरली.

त्याचं घोंगडं घसरून धुळीत पडलं होतं. ते उचलायचं सोडून तो हसत माझ्याकडे वळला.

"गुरुजी, तू तर कुत्र्याला बांध म्हणत होतास."