अहोबुवांचं बोट

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत एक गृहस्थ माणसांना अरेतुरे करायचे आणि जनावरांना अहोजाहो. जिन्यात आडवा पसरलेला तांबडा कुत्रा दिसला, की म्हणायचे, "रावसाहेब, जरा सरकतास?" आणि मागे घाईत उभ्या असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला, "थांब रे मेल्या, तेंका उठू दे." रावसाहेबही आळस देत, सवडीने उठायचे. चाळीने त्यांचं नाव अहोबुवा ठेवलं होतं. मी गुरांची डॉक्टर झाले तेव्हा खरा आनंद त्यांना एकट्यालाच झाला. माझी आई अजून लोकांना नुसतं 'डॉक्टर' एवढंच सांगते.

बुवा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. देवालासुद्धा ते अरे म्हणत. मोदक पुढे ठेवून "खा रे गपचूप" म्हणताना मी त्यांना स्वतः ऐकलंय. पण वाजवायला बसले, की मान खाली घालून पुटपुटायचे, "तुमची परवानगी आसा मां?" देवाला अरे, मग हे 'तुमची' कोणाला, यावर मंडळात मतभेद होते. ते समोर बसलेल्या बायकांना असावं, असा बुवांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, जुना संशय होता.

एका जुलै महिन्यात बुवा गावी बहिणीकडे राहून आले ते उजव्या तर्जनीवर गाठ घेऊनच. करवंदाएवढी, जांभळट, मधोमध ओलसर. "करवंदीचो काटो लागलो," एवढंच सांगायचे. एका डॉक्टरने चिरा दिला, पू काही निघाला नाही. दुसऱ्याने बोटाचं पेर काढावं लागेल म्हणून सांगितलं. गणपती तोंडावर आलेले आणि पखवाजाचं बोट जायची वेळ. बुवा मात्र निवांत. काकू रडत माझ्याकडे आल्या.

मी त्यांच्याबरोबर घरी जाऊन बुवांचं बोट पाहिलं. शेळ्या पाळणाऱ्यांच्या हातांवर अशा गाठी मी पाहिल्या होत्या. करडांच्या तोंडाला खपल्या येतात, त्याला मावा म्हणतात. विषाणूचा आजार. हाताला बारीकशी जखम असली, की माणसाला लागतो आणि पाच-सहा आठवड्यांत आपोआप जातो. कापाकापी लागत नाही.

"बुवा, कुठल्या करडाला दूध पाजलंत?"

बुवांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिकडे पाहतच म्हणाले, "तेंचा नाव मधी आणू नको. आजारी म्हटल्यार भावजी खाटकाक देतले."

करडाची आई मेली होती. तोंडाच्या खपल्यांमुळे त्याला बाटली धरवेना, म्हणून हे दुधात बोट बुडवून चोखवत होते. मी चिडले. एवढ्याशा गोष्टीसाठी बोट घालवायला निघालात, असं मी म्हणाले. बुवांनी खुंटीवरच्या पखवाजाकडे पाहिलं. त्याच्या पुडीला, म्हणजे वाजवायच्या तोंडाला, बकऱ्याचं कातडं असतं, हे मला माहीत होतं, पण तसा विचार मी कधी केला नव्हता.

"जल्मभर तेंचाच कातडा वाजवत इलंय," ते म्हणाले. "तेंनी बोटभर माझा घेतला, तर काय बिघाडला?"

मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्यांनी माझ्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब केलं. मी बुवांच्या बहिणीला फोन करून करडू वेगळं बांधायला आणि हातमोजे घालून पाजायला सांगितलं. पण ते कधीच बरं होऊन गोठ्याच्या कौलांवर चढलं होतं. गणपतीत बुवा दहाही बोटांनी वाजवायला बसले. ते पुटपुटले तेव्हा काकूंनी पखवाजाच्या कातड्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा संशय फिटला होता.

गेल्या हिवाळ्यात बुवा गेले. खांदेकरी त्यांना घेऊन निघाले, तर जिन्यात रावसाहेब आडवे. कोणीतरी पाय उगारला. पुढच्या खांद्याला सेक्रेटरी होता. त्याने त्याला थांबवलं आणि जरासा वाकून म्हणाला, "रावसाहेब, जरा सरकता का?"

रावसाहेब सवडीने उठले. तोवर आम्ही सगळे उभे राहिलो.