कारभारीला न पटलेली अस्वलं

देवळाली प्रवरेत ऊसगाड्या हाकणारे पुष्कळ होते, पण कारभारीची गाडी लांबूनही ओळखू यायची. त्याच्या बैलांच्या शिंगांना रंग नसायचा आणि त्याच्या हातात चाबूक नसायचा. तो बैलांशी बोलत बोलत गाडी न्यायचा. चढ आला की त्यांना समजवायचा, उतार आला की दटावायचा, आणि सपाट रस्त्यावर घरातल्या गोष्टी सांगायचा. माणसांशी मात्र त्याचं बोलणं बेताचंच. त्याची बायको रतनबाई म्हणायची, "माझ्याशी बोलायचं ते समदं बैलांशीच बोलून येत्यात. घरी येईस्तवर काय शिल्लकच राहत न्हाई."

पूर्वी तो असा नव्हता. वडील होते तोवर तो आणि धाकटा भाऊ गोरक्ष एकाच गाडीवर बसून कारखान्याला ऊस घालायचे, आणि दोघांच्या गप्पांनी मागचा गाडीवानसुद्धा जागा राहायचा. घरी गोरक्षला गोरख म्हणत. वडील गेल्यावर वाटणी झाली. जमीन, विहिरीचं पाणी, भांडीकुंडी, सगळं सुखाने वाटलं गेलं. अडलं ते बैलजोडीपाशी. लाख्या आणि चांद्या ही जोडी वासरं असल्यापासून एका दावणीला वाढलेली. दोघांनाही जोडी हवी होती. पंचांनी शेवटी कंटाळून एकेक बैल एकेकाला दिला.

"एकटा बैल घिऊन काय त्याची पूजा करू?" असं म्हणून कारभारीने दुसऱ्याच दिवशी लाख्याला सोडलं आणि घोडेगावच्या बाजारात नेऊन विकलं. इकडे गोरक्षकडे राहिलेल्या चांद्याने चाऱ्याला तोंड लावणं सोडलं. तो पुढे खाऊ लागला, पण अंगाला काही लागलं नाही, आणि त्याच उन्हाळ्यात तो गेला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. दोन घरांच्या मधे एकच भिंत होती. बायका एकमेकींना विस्तव द्यायच्या, कालवण द्यायच्या, पोरं इकडून तिकडे जेवायची. फक्त हे दोघं समोरासमोर आले की एकजण वाट बदलायचा. अशी कितीतरी वर्षं गेली.

एकाहत्तरच्या थंडीत बाजारतळाच्या पलीकडे सिनेमाचा तंबू पडला. तंबूवाल्याने या वेळी एक वेगळाच खेळ आणला होता. माणसं नाहीत, नट नाहीत, सगळी चित्रंच, आणि ती चित्रं चालतात, बोलतात. कुठल्याशा परदेशातला सिनेमा, बोलणं तेवढं हिंदीत केलेलं. प्राथमिक शाळेतल्या सरोजिनीबाईंनी वर्गात सांगितलं की हा सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे, आईवडिलांनाही घेऊन जा. पोरांनी घरोघरी भुणभुण लावली. कारभारीला सिनेमाचं वेड नव्हतं, पण रतनबाईने लुगडं बदललं आणि दारात उभी राहिली. मग त्याला उठावंच लागलं.

सिनेमा दोन अस्वलांचा होता, थोरला भाऊ आणि धाकटा. आई मरते. थोरला धाकट्याला पाठीवर घेऊन गोठलेल्या नद्या ओलांडतो, मधमाश्यांचे डंख सोसून त्याला मध देतो. मोठे झाल्यावर एका गुहेवरून त्यांचं वाजतं. धाकट्याला तिथेच राहायचं असतं, थोरल्याला डोंगरापलीकडे जायचं असतं. थोरला तोंड फिरवून बर्फात निघून जातो, धाकटा गुहेच्या तोंडाशी उभा राहतो. पुढे धाकटा शिकाऱ्यांच्या खड्ड्यात पडतो. एक पाखरू जाऊन थोरल्याला सांगतं. थोरला डोंगर उतरून येतो, खड्ड्यात उडी घालतो, धाकट्याला खांद्यावर उभा करून वर काढतो, आणि मग धाकटा झाडाचं खोड लोटून त्याला काढतो. शेवटी दोघं एका गुहेत पाठीला पाठ लावून झोपतात आणि बाहेर बर्फ पडत राहतो.

तंबूत बायकांच्या बाजूला मुसमुसण्याचे आवाज येत होते. पुरुषांच्या बाजूला कुणीकुणी उगाचच खोकत होतं. 

दुसऱ्या दिवशी गावात सगळीकडे अस्वलंच. पिठाच्या गिरणीवर भागूबाई म्हणाली, "त्या अस्वलांना बाया न्हाईत, म्हनून तर भाऊ भाऊ एक झाले. बाया असत्या तर भांडनं मिटली असती व्हय?"

रतनबाई दळणाचा डबा घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आमच्या घरात भांडन बैलावरनं झालं, मावशे. तवा मी न् माझी जाऊ चुलीपाशी भाकरी थापीत हुतो. आमाला कुनी इचारलं बी न्हाई." भागूबाईने आपला डबा पुढे सरकवला.

कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ऊसगाड्यांची रांग लागायची. कधी दुपारी गेलेली गाडी दिवस कलताना काट्यावर चढायची. तोवर गाडीवान जुवाखाली टेकू लावून, बैलांपुढे उसाच्या शेंड्यांचे वाढे टाकून गप्पा मारत बसायचे. त्या दिवशी योगायोग असा की रांगेत पुढे गोरक्षची गाडी, मागे कारभारीची, आणि दोघांच्या मधे पुंजाराम. पुंजाराम दोघांचाही लहानपणचा सोबती आणि बोलायला फार हौशी.

"गानी न्हाईत, मारामारी न्हाई," एक गाडीवान म्हणाला. "असला कसला शिनेमा?"

"पर अस्वल कसं हुबेहूब चालत हुतं!" दुसरा म्हणाला. "चित्र हाय असं वाटंचना."

पुंजारामने कारभारीकडे बघितलं. "तुला कसा वाटला रं?"

कारभारीने विचारही न करता सांगितलं, "मला न्हाई पटला."

"का?"

"थोरला गुहा सोडून चालला, तवा धाकट्यानं साधी हाक बी मारली न्हाई. उभा राहून बघत बसला. आन् तरी थोरल्यानंच त्याच्यापायी खड्ड्यात उडी घालायची? दरवेळी थोरल्यानंच का?"

 कारभारीला एका दमात एवढं बोलताना कुणी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. पुढच्या गाडीजवळ गोरक्ष पाठमोरा बसला होता. तो तसाच पाठमोरा म्हणाला, "पुंजाराम, सांग त्याला. हाक मारली हुती."

पुंजाराम मागे वळून म्हणाला, "त्यो म्हनतो, हाक मारली हुती."

"न्हाई मारली. माझे डोळे शाबूत हाईत."

"त्यो म्हनतो, डोळे शाबूत हाईत."

"हाक डोळ्यांनी ऐकत्यात व्हय?" गोरक्ष म्हणाला, आणि गाडीवान हसू लागले. कारभारी मात्र हसला नाही. तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेला.

पण ती गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. पुढचे काही दिवस रांगेत दोघांच्या गाड्या जवळ आल्या की तोच वाद. गोरक्षचं म्हणणं, वारा सुटला होता म्हणून हाक ऐकू आली नाही. कारभारीचं म्हणणं, मारलीच नाही तर ऐकू कुठून येणार. गाडीवानांचे दोन तट पडले. बिचारा पुंजाराम दोन्हीकडचा निरोप पोचवून थकला. आणखी एक झालं होतं, ते फार थोड्यांच्या ध्यानात आलं. या दोघांमधे आता रोज काहीतरी बोलणं होत होतं, भले ते तिसऱ्याच्या तोंडून का असेना.

एकदा शाळेवरून गाडी रिकामी घेऊन येताना कारभारीला सरोजिनीबाई भेटल्या. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि विचारलं, "बाई, त्या धाकट्या अस्वलानं हाक मारली का वो?"

सरोजिनीबाईंना आधी कळेना. मग त्या हसल्या. "वर्गातही याच्यावरच भांडण चाललंय. अर्धी मुलं म्हणतात मारली, अर्धी म्हणतात नाही. खरं सांगायचं तर माझं लक्ष थोरल्याकडे होतं. तो जात होता ना, म्हणून."

"माझं बी त्याच्याकडंच हुतं," कारभारी म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो पुन्हा तंबूत गेला, एकटाच. रतनबाईने त्याला घोंगडी आणून दिली. या वेळी तो अगदी पुढे बसला, पोरांच्या घोळक्यात. गुहेचा प्रसंग आला तसं त्याने ठरवून थोरल्यावरून नजर काढली आणि धाकट्यावर ठेवली. थोरला चालू लागला. वारा घोंगावू लागला. बर्फ आडवा पडू लागला. आणि गुहेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या लहानशा अस्वलाचं तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं. आवाज आला नाही, वाऱ्याचाच तेवढा आला. कारभारी पुढचा सिनेमा बघायला थांबला नाही.

पुढच्या खेपेला रांगेत पुन्हा तिघांच्या गाड्या एकामागे एक लागल्या. पुंजारामने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि हात जोडले. "म्या काय टपालवाला हाय का? तुमचं तुमी बघा. मी चहा पिऊन येतो." तो खरंच निघून गेला. मधे त्याची गाडी होती, पण तिच्यावर कुणी नव्हतं.

 मग कारभारी आपल्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत त्यालाच म्हणाला, "तोंड उघडलं हुतं त्यानं. दोनदा. मी काल बघितलं."

तिकडून गोरक्षही आपल्या बैलालाच म्हणाला, "मी सांगतच हुतो."

"आवाज न्हाई आला."

"वारं हुतं."

कारभारीने वाढ्याची पेंढी सोडली, पुन्हा बांधली. गोरक्ष जागचा उठला आणि पुंजारामच्या गाडीच्या चाकाला टेकून उभा राहिला. आता त्याचं तोंड कारभारीकडे होतं.

"दादा," तो म्हणाला, "मी बी उघडलं हुतं तोंड. क्यानलच्या पुलावर. तू लाख्याला घिऊन चालला हुतास. मी पुलाच्या ह्या अंगाला हुतो. चांद्याला बी घिऊन जा, पर जोडी मोडू नगं, येवढंच सांगायचं हुतं. लई वरडलो. तू मागं बघितलं न्हाई."

कारभारी त्याच्याकडे बघत राहिला. त्याला पूल आठवला, लाख्याच्या खुरांचा आवाज आठवला. हाक मात्र आठवेना.

"क्यानलला पानी सुटलं हुतं त्या दिशी," तो हळू आवाजात म्हणाला.

"सुटलं हुतं. पान्याचा आवाज लई हुता."

"मला न्हाई ऐकू आलं, गोरख."

"ते आता कळलं. आजवर मला वाटायचं, ऐकून बी गेलास." मग त्याने विचारलं, "ऐकू आलं असतं तर फिरला असतास?"

खोटं बोलणं सोपं होतं. कारभारीने बैलाच्या कानामागची गोचीड काढली, बोटाने चिरडली, आणि मग म्हणाला, "ठावं न्हाई. बहुतेक न्हाई. डोक्यात राग लई हुता."

"बरं," गोरक्ष म्हणाला. त्याने खिशातली चंची काढून पुढे केली. कारभारीने तंबाखू घेतली, चुना घेतला, आणि दोघं एकाच चाकाला टेकून मळत उभे राहिले. चहा पिऊन आलेला पुंजाराम लांबूनच ते बघून पुन्हा हॉटेलात शिरला.

एवढ्याने काही दोन घरांची एक चूल झाली नाही. मधली भिंत होती तिथेच राहिली. कारभारी लगेच बोलका झाला असंही नाही. पण गोरक्षच्या गाडीचा आख मोडला तेव्हा त्याचा ऊस दोन दिवस कारभारीने ओढला, आणि रतनबाई आजारी पडली तेव्हा गोरक्ष कारभारीसोबत तिला गाडीत घालून बेलापूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सिनेमाबद्दल मात्र त्यांचं एकमत झालंच नाही. कारभारी म्हणायचा, हाक मारली हे कबूल, पण खड्ड्यात उडी घालण्याआधी थोरल्याने वर एखादा दोर शोधायला हवा होता. गोरक्ष म्हणायचा, अस्वलाला दोर कुठला? तंबू कधीच उठून दुसऱ्या गावी गेला होता, तरी हे चालूच.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. कालव्याचं पाणी आटलं, उसाची वाळून चिपाडं झाली, आणि जनावरं जगवायची म्हणून सरकारी छावणीत न्यावी लागली. दोन्ही घरांची सगळी जनावरं कारभारीने एकदम नेली आणि त्यांच्यापाशीच राहिला, कारण त्याच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नसत. गोरक्ष दोन घरांतल्या बायकापोरांना घेऊन खडी फोडायच्या कामावर जायचा. सुट्टीच्या दिवशी तो फडक्यात भाकरी बांधून छावणीत यायचा. दोघं निंबाखाली बसून जेवायचे. गोरक्ष कामावरच्या गोष्टी सांगायचा, कोण मुकादम कसा, कुणाचं लग्न ठरलं, गावातल्या कुठल्या विहिरीला अजून पाणी आहे. कारभारी भाकरी चावत ऐकायचा, आणि मधेच एखाद्या गोष्टीवर म्हणायचा, "हे काय मला पटत न्हाई बघ." मग गोरक्ष ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागायचा.