दाराच्या पत्र्यातलं भोक

काल शेजारी लोखंडी फाटकाला ड्रिल मारत होते. तापलेल्या पत्र्याचा वास आला आणि मला एका जागी बसवेना. सुरतेत दंगल पेटली तेव्हा आम्ही तिथल्याच बमरोली भागात राहत होतो. भर दुपारी बाहेर गोळ्या सुटल्या आणि आमचं पत्र्याचं दार दोनदा वाजलं. पाच महिन्यांच्या सुमनला पोटाशी धरून मी जमिनीवर पडून राहिले.

सगळं शांत झाल्यावर शेजारचे नाना आले. ते फौजेतून निवृत्त झालेले. दारावर एक मोठा पोचा होता आणि एक बारीक, गोल भोक.

"ही जाड, बोथट गोळी. लांबून आली, पोचा पाडून खाली पडली," नाना म्हणाले. "ही मात्र रायफलची, टोकदार. हिला पत्रा म्हणजे कागद." मग हळूच विचारलं, "पोर कुठं होती, माय?"

भोकाच्या सरळ रेषेत सुमनची झोळी होती. कापड आरपार फाटलं होतं. ती रडली म्हणून मी तिला मिनिटभर आधीच उचललं होतं.

तेव्हा वाटलं, देवानं वाचवलं. आता सुमनलाही लेकरू आहे, पण मला राहून राहून एवढंच आठवतं, की उचलताना मी तिच्यावर खेकसले होते, "जरा पडू दे की मला!"