दोन गाण्यांच्या मधली आक्का

मंडळी, दुपारपासून मन ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहिते.

आज कोगनोळीहून माझा भाचा आला. चाळिशी ओलांडलेला माणूस. त्याची आई म्हणजे माझी थोरली आक्का. निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. बाळंतपणात गेली, तिचा आवाजही त्यानं कधी ऐकला नव्हता.

ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीत एका शाहिराचा कार्यक्रम झाला. गाणी तो स्वतःच रचायचा. पुढं त्याच कार्यक्रमाची कॅसेट निघाली, टाळ्या-शिट्ट्यांसकट. मध्येच शाहीर विचारतो, "आता कुठलं म्हणू?" आणि गर्दीतली एक बाई म्हणते, "आण्णा, ते वखारीचं म्हणा की." ती आमची आक्का.

हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं. त्यानं मोबाईलवर ती सगळी गाणी शोधून ऐकली. आल्या आल्या म्हणाला, "मावशी, आई न्हाय गं ह्यात."

खरंच नव्हती. गाणी सुटी करताना मधलं बोलणं कुणीतरी कापून टाकलं होतं.

मी कपाटातली कॅसेट काढून पहिल्यापासून लावली. तीन गाणी झाली आणि आक्का बोलली.

तो म्हणाला, "लई ल्हान हाय गं. माझ्या पोरीएवढी."

मी सांगितलं, "तिला तवा सातवा महिना होता. तूबी तिथंच होतास रं."

कॅसेट संपून तास झाला. तो अजून आतल्या खोलीत बसलाय. चहाला हाक मारायला माझी जीभ उचलत नाही.

तुमच्याकडं कुणाचा आवाज असा राहिलाय का?