चिंधूच्या मोटारीतला नवा डिस्ट्रिब्यूटर

पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती त्या वर्षांत चिंधू दुर्ग स्टेशनवरून भिलाईच्या सेक्टरांत सवारी नेत असे. त्याची मोटार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, पण इंजिन गुणी. त्याला हात लावायची मुभा एकट्या गुलाबला होती. दोघं भंडाऱ्याहून सोबतच आले होते, आणि गुलाबकडेही तशीच मोटार होती.

एकदा गुलाब म्हणाला, "तुहा डिस्ट्रिब्यूटर झिजला. प्लगले करंट बरोबर नाही वाटून राहिला. नवा टाक, इंजिन पळन."

चिंधूनं गुलाबकडूनच नवा बसवून घेतला; काढलेला जुना गुलाबकडेच राहिला. गाडी सकाळी झटकन सुरू होऊ लागली, पण भरल्या सवारीनं वेग घेताना इंजिन आतून ठकठक ठोकायला लागलं. नव्याची ठिणगी जुन्या इंजिनाच्या चालीशी जुळत नव्हती.

जुनाच परत लावावा म्हणून तो गुलाबकडे गेला. गुलाब आपल्या मोटारीचं बॉनेट उघडून उभा होता. आत चिंधूचा डिस्ट्रिब्यूटर होता. त्याचं फुटकं बूड पितळेचा डाग देऊन चिंधूनंच सांधलं होतं.

"झिजला होता ना?" चिंधूनं विचारलं.

गुलाब खाली पाहत म्हणाला, "माहाच बिघडला होता. तसा आता कुठं भेटत नाही. मांगितला असता तं तू देला नसता."

"मांगून तं पाहाचं होतं," चिंधू म्हणाला. "देला असता."

तो जुना न घेताच निघाला. पुढं ठिणगीची वेळ मागेपुढे करत त्यानं नव्यावरच इंजिन जुळवून घेतलं. गाडी चांगली चालली. पण स्टेशनवर गुलाब शेजारी येऊन उभा राहिला, की चिंधू रिकामी गाडी घेऊन सेक्टरकडे निघून जाई.