सगळ्यांना दहापैकी आठ

लातूरच्या एका खासगी रुग्णालयात मी हिशेब आणि कर्मचाऱ्यांचं काम बघतो. नर्सेसचे वार्षिक गुण माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी मुलांच्या वॉर्डमधल्या सगळ्या जणींना प्रत्येक रकान्यात आठ गुण होते. त्यांतली एक करारावरची, अहमदपूरहून रोज एसटीनं येणारी. तिला कायम करायचं की करार संपवायचा, हे या गुणांवर ठरणार होतं. सारख्या आकड्यांवरून काय ठरवणार?

मी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना विचारलं.

"एकीला सात अन् एकीला नऊ दिले तर उद्या वॉर्डात भांडणं. तुम्ही येणार का सर सोडवायला?"

"मग या करारावरच्या मुलीचं काम खरं कसं आहे?"

"हात लई चांगला. तान्ह्या लेकराची शीर एका टोचणीत सापडती. पण पुढच्या पाळीच्या सिस्टरला ड्युटी देताना घाई करती. कुणाला ताप परत आला, कुणाचं सलाईन बंद केलं, अर्धं सांगती अन् पळती."

"तिला सांगितलंय हे?"

"न्हाई. तोंडावर कसं सांगायचं?"

मी म्हणालो, आकडे राहू द्या, हेच तिच्यासमोर सांगा. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो. सिस्टरनी आधी शिरेचं सांगितलं, मग घाईचं. करारावरची नर्स सिस्टरकडे वळली.

"अक्का, मी गाडीसाठी पळते. तासाभरानं दुसरी असती. तुम्ही बोलला असता तर तीच धरली असती."

"घरी लेकरू वाट बघतंय तुझं, म्हणून बोलले न्हाई."

"अन् नोकरी गेल्यावर त्या लेकराला काय तुमचे आठ गुण खाऊ घालू?"

सिस्टर हसल्या नाहीत. मीही नाही.

व्यवस्थापनाकडून मी करार तीन महिने वाढवून घेतला. रकाने काढून टाकले. आता प्रत्येकीबद्दल दोनच गोष्टी लिहायच्या: काय चांगलं जमतं आणि काय सुधारायला हवं. तेही आधी तिला सांगून. यात आठवडा जातो, अशी सिस्टरची तक्रार आहे आणि ती खरी आहे. आठचा आकडा एका दुपारी लिहून व्हायचा.

मुदत संपताना सिस्टरनी तिच्याबद्दलचा मजकूर आधी तिलाच वाचून दाखवला. ड्युटी नीट देते, पण औषधांच्या नोंदी अजून उशिरा करते, असं त्यात होतं. तिनं ते मान्य केलं. त्याच आठवड्यात ती कायम झाली.