दानिशचा फोन आला नाही

सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीकडचं वारं सुटलं की मेहेक खिडक्या लावून घेते. या ईदेला तिचे बाबा, जमालुद्दीन, लावलेल्या खिडकीपाशीच बसून होते, फोन मांडीवर घेऊन. ईदचा दिवस गेला, दुसऱ्या दिवसाची बासी ईद गेली. दानिशचा फोन आला नाही.

शहर नवं असताना कोकणातून आलेल्या पोरांत आता यान्बूत राहिलेत ते एकटे जमालुद्दीन. दाभोळ खाडीच्या काठचे. मिसरूड फुटायच्या आत बंदरावर आले आणि अजून एका ठेकेदाराचं गोदाम सांभाळतात. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, सोडत नाही म्हणतात; सोडलं तर जातील का, कुणास ठाऊक. गावाकडच्या माणसाला ते पहिली गोष्ट सांगतात ती दानिशची.

तेव्हा शहर उभं राहत होतं. कोकणातली पोरं पत्र्याच्या कॅम्पात राहायची. एका रमजानात, इफ्तारच्या ऐन वक्ताला, एक उंच गोरा पोरगा मेसच्या दारात आला. फकरुद्दीन भंडारीनं, म्हणजे मेसच्या आचाऱ्यानं, पळी हातात धरूनच विचारलं, "यू? हू?"

"डॅनिश," पोरगा म्हणाला.

"आरं, हा तं आपलाच निंगाला! दानिश! बस रं, बाबा, बस."

"भंडारी, येवढा गोरा?" एका पोरानं विचारलं.

"तुर्की आसंल. तू काला हायस म्हनून समद्यांनी काला व्हायाचा काय?"

दानिशला थाळ्याशी बसवलं. खजूर दिला, तांदळाची भाकरी दिली, सुकटीचं कालवण दिलं. तो नाकाडोळ्यातून पाणी काढत जेवला. नंतर सगळे नमाजाला उभे राहिले आणि हा दारात बूट हातात धरून नुसता बघत राहिला, तेव्हा उलगडा झाला, की हे नाव नव्हे, मुलुख आहे. नाव होतं टोर्बेन. पण ते कुणाच्या जिभेवर बसेना, आणि भंडारी म्हणाला, एकदा थाळ्याला बसला त्याचा नाव बदलायचा नाय. सगळे त्याला दानिशभाय म्हणू लागले. एकटे जमालुद्दीन नुसतं 'दानिश' म्हणायचे. पासपोर्टाप्रमाणे ते दोन वर्षांनी मोठे होते ना.

कायदा नुकताच शिकून तो कंपनीच्या करारमदारांचे कागद तपासायला आला होता. दिवसभर थंडगार ऑफिसात कागद, आणि शुक्रवारी मेसमध्ये मुक्काम. तिथं त्यानं दुसरा कायदा पाहिला. दोघं भांडले की भंडारी आधी त्यांना एका थाळ्यात जेवायला बसवायचा. तोंडातून शब्द काढायचा तो थाळा रिकामा झाल्यावर. अर्धी भांडणं कालवणातच विरघळायची. उरलेली दानिश ऐकायचा, आणि दोघांना पटेल असं काहीतरी अरबी, हिंदी, इंग्रजीची खिचडी करून सांगायचा. शेवटी भंडारी टाळी वाजवायचा, "खलास! उठा."

आणखी एक रीत त्यानं उचलली. ईदेला धाकट्यानं मोठ्याला आधी सलाम करायचा. मोठ्यानं वाट बघायची. आपण होऊन हात पुढं केला तर त्यात दोघांचाही मान जातो. नमाज सुटली की दानिश लांब ढांगा टाकत यायचा आणि जमालुद्दीनपुढं वाकायचा, अगदी ओणवा. पोरं शिट्ट्या मारायची.

पुढं तो आपल्या मुलखी गेला. वकिली केली, मग इलेक्शनला उभा राहिला. पहिल्यांदा पडला. त्या ईदेला फोनवर जमालुद्दीन त्याला म्हणाले, "आमच्या गावात सरपंचकीला पडलेला मानूस म्हयनाभर बाजारात जात नाय. तू जा. मासली घे. लोकांना बघू दे, तू जेवतोस म्हनून." दुसऱ्यांदा तो निवडून आला. तिथल्या पार्लमेंटात कायद्याच्या कमिटीवर बसला, आणि विरोधकांना आधी सूप-पाव खाऊ घालून मगच मीटिंग सुरू करू लागला. पेपरवाल्यांनी त्याचं चित्र काढलं, डोक्यावर खानसाम्याची टोपी घालून. ते चित्र भंडारीच्या फोटोशेजारी लाव, असं त्यानं जमालुद्दीनना सांगितलं. भंडारी तेव्हा वारला होता.

मग तो कायदेमंत्री झाला. जमालुद्दीननी गोदामात जिलेबी वाटली. पण परदेशातून आलेल्या कामगारांना बायकापोरं आणायला बंदी घालणारा कायदा त्याच्याच पार्टीनं काढला आणि हा उलट बाजूला मत देऊन बसला. मंत्रिपद गेलं, मग सीट गेली. त्या ईदेला फोनवर तो फार बोलला नाही. "जमाल, कॅम्पात तुम्ही बायकोचा आवाज कॅसेटवर ऐकायचात. मी ते पाहिलं होतं," एवढंच म्हणाला. मग युनिव्हर्सिटीत पोरांना कायदा शिकवून तो रिटायर झाला.

मंत्री असो की पडलेला असो, ईदेच्या नमाजेनंतर फोन त्याचा. आणि या ईदेला नाही.

"बाबा, आप करो ना फोन. सिंपल है," मेहेक म्हणाली. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवते.

"मी मोठा हाय."

"ऑनेस्टली! मान घेऊन बसा मग."

"मानाचा नाय गो," जमालुद्दीन हळूच म्हणाले. "मी फोन केला नि दुसऱ्याच कोनी उचलला तं? न्हाय ऱ्हायला म्हनून सांगितलान तं?"

शीरखुर्म्याची वाटी त्यांच्यासमोर तशीच होती, वर साय धरलेली. तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी हात झटकला नाही.

बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"दानिश?"

पलीकडे श्वासाचा आवाज आला. मग ओळखीचा घोगरा सूर, "आधी सलाम कर."

"आं?"

"सलाम कर, म्हटलं. उशीर केलास."

"आरं मेल्या, जित्ता हायस काय तू! माझा जीव टांगनीला लावून—"

"माझा नव्हता लागला? परवापासून फोन घेऊन बसलोय. वाटलं, जमाल गेला. करणार होतो मीच, पण तुझाच कायदा आहे. मोठ्यानं आधी करायचा नाही."

"मोठा मी हाय!"

"साक्ष काढतो. गेल्या ईदेला तुझ्या मुलीला विचारलं होतं. तुझी बहीण शरफुन्निसा सांगते, महाराष्ट्र राज्य झाल्याची साखर शाळेत वाटली, ती घेऊन ती घरी आली तेव्हा तू पाळण्यात होतास. बरोबर? मी ती तारीख शोधली. एकोणीसशे साठ. तेव्हा मी सायकल चालवत होतो. पासपोर्टवरचं वय तुझ्या एजंटानं वाढवलेलं आहे, जमाल."

जमालुद्दीननी मेहेककडे पाहिलं. "तू सांगितलास याला?"

"फुफूने बोला था, बाबा! मी गंमत म्हणून सांगितलं. मला काय माहीत, हे केस चालवतील!"

"कोर्ट वाट बघतंय," पलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ खोकला, बराच वेळ.

"खोकला कवापासून?"

"हिवाळ्यापासून. वयाचा आहे. मोठा आहे ना मी."

मेहेक तोंडाला ओढणी लावून हसत होती. जमालुद्दीननी गळा साफ केला. इतकी वर्षं तोंडात बसलेलं ते नाव आता कसं घ्यावं, ते त्यांना सुधरेना.

"अस्सलाम आलेकुम," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दानिशभाय."

आणि बोलता बोलता त्यांनी टीपॉयवर पसरलेले पाय खाली घेतले.